ब्युरेट कुणाच्या हातात

युनूसभाईंना चौकशा फार. इंदापूरहून बारामतीला निघालेल्या एसटीत शेजारी कुणी का बसेना, लासुर्णे यायच्या आत त्याचं गाव, त्याची सोयरीक आणि त्याच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं हे सगळं ह्यांना ठाऊक झालेलं असायचं. कंडक्टर म्हणायचा, "युनूसभाई, तुमी जनगणनेला का न्हाय गेला?" त्यावर युनूसभाई हसायचे आणि कंडक्टरलाच विचारायचे, "तुमच्या मेव्हण्याच्या बदलीचं मग काय झालं?" खोड ती खोड, दुसरं काय!

बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये हा माणूस सत्तावीस वर्षं अटेंडंट. काचसामान काढून द्यायचं, धुऊन परत लावायचं, द्रावणाच्या बाटल्या भरून ठेवायच्या. स्वतः दहावी. पण कुठल्या बाटलीतलं काय कशात पडलं की काय होतं, हे नव्या प्राध्यापकांनी हळूच त्यांनाच विचारावं असा अधिकार. पोरं त्यांना मामा म्हणत.

अशा ह्या चौकस माणसाला एक गोष्ट मात्र काही केल्या कळत नव्हती, आणि ती होती स्वतःच्या घरातली. त्यांची एकुलती एक लेक जास्मिन. ह्याच विभागातून, बापाच्या डोळ्यांदेखत, बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली. सहा वर्षांपूर्वी ती एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ट्रायलला गेली आणि अर्ध्या तासात परत आली. काय झालं ते नीट सांगितलंच नाही. तेव्हापासून घरी दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेते. आणि आता इंदापुरातच माती-पाणी तपासायची नवी लॅब निघाली होती, तिथून तिला बोलावणं आलं होतं. येत्या सोमवारी जायचं आणि समोर पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढून दाखवायचा. म्हणजे घराजवळ, तिच्या शिक्षणाचं, सोन्यासारखं काम! पण पोरगी म्हणते कशी, "अब्बा, मी न्हाय जायची."

"का पन?"

"मला न्हाय जमत."

"फर्स्ट क्लास हाय तुजा! न्हाय जमत म्हंजे काय?"

त्यावर ती पोरांच्या वह्या तपासायला घ्यायची आणि विषय तिथंच संपायचा. युनूसभाईंना रात्र-रात्र झोप लागेना. अख्ख्या एसटीच्या पोटातलं काढून घेणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचं कळू नये!

त्याआधीच्या सोमवारी विभागात काही फॉर्म आले. विद्यापीठाकडून प्रश्नावली आली होती: विभागात सगळ्यांना सामावून घेतलं जातं का, आणि गेल्या पाच वर्षांत वातावरण किती बदललं. वीस वाक्यं, आणि प्रत्येकापुढं एक ते पाच गुण. विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी, सगळ्यांनी भरायची, नाव न लिहिता. हे काम आलं संजीवनी मॅडमकडे. मॅडम तरुण, कामाला वाघीण, आणि आकडा दिसला की हरखून जाणाऱ्या. त्यांनी एक फॉर्म युनूसभाईंच्याही हातात ठेवला.

"हा माझा?" युनूसभाईंनी दोनदा विचारलं.

"तुमचाच. तुम्ही विभागात नाही का?"

सत्तावीस वर्षांत ह्या कॉलेजनं त्यांना चाव्या कुठं आहेत हे सोडून काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी फॉर्म घडी करून वरच्या खिशात ठेवला, चष्मा नसताना भरायला नको म्हणून.

मंगळवारी दुपारी मॅडम तयारीच्या खोलीत आल्या त्या तोंड पाडूनच. हातात गठ्ठा. "युनूसभाई, हे बघा. एकशे सतरा फॉर्म आले. एकशे सतराच्या एकशे सतरात सगळीकडं पाच."

झालं होतं असं. विभागप्रमुख इंद्रजित सर वर्गात जाऊन एवढंच बोलले होते, "विभागाचं नाव खाली जाऊ देऊ नका." सर तसे वाईट नव्हेत, पण विभागाची अब्रू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आता आपली पोरं! समोर कोरा तक्ता दिसला की त्यांना पहिला प्रश्न पडतो, बरोबर उत्तर काय? कुणा हुशारानं एक फॉर्म भरून फळ्याला चिकटवला आणि बाकीच्यांनी प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवतात तसा तो उतरवून काढला. प्राध्यापकांनी तर फळ्याकडं बघायचीही तसदी घेतली नव्हती.

युनूसभाईंनी गठ्ठा चाळला आणि त्यांना हसू फुटलं. "मॅडम, तीन रीडिंग दशांशापर्यंत सारखी आली की आपन काय म्हनतो?"

"शेजारच्याचं बघून लिहिलं."

"मग! हाताची पाची बोटं सारखी नसत्यात, आन् हितं एकशे सतरा मानसं सारखी?" मग त्यांचं बोट विसाव्या वाक्यावर थांबलं. "आनि हे एक मला सांगा. वातावरण लई बदललं, त्याला बी पाच. वरच्या वाक्यात पाच वर्षांमागं बी सगळं असंच चांगलं व्हतं, त्याला पाच; मग बदललं काय?"

मॅडमनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला हे पाठवायचं नाही. पण लोकांना विचारलं तर लोक बरोबर उत्तर देतात, खरं देत नाहीत. न विचारता मोजता येईल असं काही आहे का आपल्याकडं?"

झालं. आता युनूसभाईंच्या डोक्यात किडा सोडला म्हटल्यावर काय! संध्याकाळी एसटीत शेजारी निमगाव केतकीचा डाळिंबवाला बसला होता, त्याला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कंडक्टरला वाटलं तब्येत बिघडली.

उत्तर मिळालं ते घरी, मोरीजवळ. बायको मेहबूबबी भांडी घासत होती आणि तिच्या हातून कप निसटून फुटला. "जपून की जरा," युनूसभाई सवयीनं म्हणाले. मेहबूबबी उसळली, "जो घासतो त्याच्या हातनं फुटतं! तुमच्या हातनं कवा फुटला का? तुमी धरताच कवा कप?"

युनूसभाई तिथंच उभे. बायकोला वाटलं वर्मी लागलं. लागलंच होतं, पण भलत्याच ठिकाणी.

बुधवारी सकाळी त्यांनी कपाटाच्या तळातून तुटफुटीच्या वह्या काढल्या. लॅबमध्ये काही फुटलं की तारीख, वस्तू आणि फोडणाऱ्याचं नाव ह्या वहीत लिहायचं, हा जुना नियम. अकरा वर्षांच्या वह्या मॅडमच्या टेबलावर मांडून दोघं बसले. चौऱ्याहत्तर वस्तू फुटलेल्या. त्यातल्या मुलींच्या हातून किती? पाच! आणि वर्गात मुली निम्म्याहून जास्त.

"मी तर लोकांना कौतुकानं सांगायचो," युनूसभाई म्हणाले, "आमच्या पोरी लई जपून काम करत्यात म्हनून."

इंद्रजित सरही तेच म्हणाले. वही बघून ते खूशच झाले. "मुली नीटनेटक्या असतात, त्यात काय विशेष? उलट हे चांगलंच आहे. रिपोर्टात घाला."

"सर," युनूसभाई म्हणाले, "जो घासतो त्याच्या हातनं फुटतं."

सरांना काही ते कळलं नाही. पण मॅडमना कळलं. ब्युरेट म्हणजे हातभर लांब, आकडे कोरलेली काचेची नळी, खाली तोटी. तोटी फिरवून थेंब थेंब द्रावण खालच्या चंबूत सोडायचं आणि रंग पालटला की त्याच थेंबाला थांबायचं. ही सगळी विद्या हातात असते, पुस्तकात नसते. आणि कॉलेजात ब्युरेट कमी, पोरं जास्त, म्हणून चौघांत एक. तर मग त्या चौघांत तोटी कोण फिरवतो?

दुपारच्या प्रॅक्टिकलला युनूसभाई मोजायला बसले. आठ टेबलं. सात टेबलांवर ब्युरेट मुलाच्या हातात. मुली काय करत होत्या? रीडिंग लिहीत होत्या. सुबक अक्षरात, पट्टीनं रेघा मारून. आठव्या टेबलावर चौघी मुलीच होत्या, तिथं मात्र एकीनं मुकाट्यानं तोटी फिरवली आणि तिची रीडिंगं बाकी सातांपेक्षा काडीनं वाईट नव्हती. म्हणजे येत नाही म्हणून नव्हे. मग हे ठरवतं कोण? सरांनी कधी सांगितलं नाही, फळ्यावर लिहिलेलं नाही, मुलं काही हिसकावून घेत नव्हती. युनूसभाईंना काही उमजेना. काखेत कळसा असलेल्या माणसाला तो कसा दिसावा!

गुरुवारी त्यांनी एक गंमत केली. ट्रे नेहमीसारखे टेबलांवर मांडले नाहीत. सगळे मधल्या ओट्यावर ठेवले आणि बाजूला होऊन उभे राहिले, कोण उचलतं बघायला. पोरं आली आणि आपापल्या टेबलाशी उभी राहिली. एकही हात पुढं येईना. सगळ्यांच्या नजरा युनूसभाईंकडं. शेवटी कळंबहून येणारी स्वरूपा, बारीक चणीची, बडबडी पोर, म्हणाली, "मामा, आज वाटत न्हाय का तुमी?"

"घ्या की तुमचं तुमी. ब्युरेट कुनी घ्यायची ते तुमी ठरवा."

"ते तर तुमीच ठरवता की," स्वरूपा सरळ म्हणाली. "पयल्या दिवसापासनं. पोरांच्या हातात ब्युरेट देता, आन् आमाला म्हनता, ही वही धर गं बाय, अक्षर चांगलं हाय तुजं."

पोरगी काही रागानं बोलली नाही. आज कुठली भाजी आहे हे सांगावं तसं बोलली. युनूसभाई "व्हय का?" म्हणाले आणि तयारीच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले.

सत्तावीस वर्षं! कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं हो त्यांनी. काच महाग, पोरींच्या हाताला लागेल, ॲसिड उडालं तर चेहऱ्यावर डाग राहील, लगीन व्हायचंय, असं मनात कुठंतरी असायचं. वही देताना माया करतोय असंच त्यांना वाटायचं. विद्यापीठ तिकडं गुण मोजतंय, सर अब्रू मोजताहेत, आणि दर दुपारी दोन वाजता तोटी कुणी धरायची ते ठरवणारा हात कुणाचा, तर दहावी पास अटेंडंटचा.

मग ते दचकून उठले. कपाट उघडलं आणि जास्मिनच्या तीन वर्षांच्या तुटफुटीच्या वह्या काढल्या. पानन् पान बघितलं. तीन वर्षांत तिच्या हातून एक टेस्टट्यूबसुद्धा फुटली नव्हती. बाकीच्या पोरींना वही द्यायला ते निदान कधीमधी विसरले असतील. स्वतःच्या लेकीला एकदाही विसरले नव्हते. त्यांना आता लख्ख आठवलं, तिच्या टेबलाशी ते स्वतः जाऊन उभे राहायचे आणि तिच्या हातात पेन द्यायचे.

घरी पोचले तेव्हा शेवटची शिकवणी सुटत होती. युनूसभाई चप्पल न काढताच जास्मिनसमोर बसले. "कारखान्याच्या ट्रायलला काय झालं व्हतं, ते सांग."

"आता कशाला अब्बा?"

"सांग. मी वही बघून आलोय."

जास्मिननं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "तोटी कुठल्या बाजूला फिरवायची तेच समजंना. सगळी उघडली. रस भसकन खाली आला. तितला केमिस्ट चांगला व्हता बिचारा, म्हनला परत करा. परत बी तसंच. मग त्यानं इचारलं, बी.एस्सी. कुठनं केली? मी कॉलेजचं नावच सांगितलं न्हाय. तुमची अब्रू जाईल म्हनून."

"चूक माजी हाय जास्मिन. मीच तुला कवा ब्युरेट धरू दिली न्हाय."

"ठावं हाय मला."

"ठावं व्हतं? मग तवा बोलायचं न्हाय का गं?"

"बोलले व्हते," जास्मिन म्हणाली. "दुसऱ्या वर्षाला. एसटीत. मी म्हनलं, अब्बा, मला बी एकदा करू द्या. तुमी म्हनला, मार्क सर देत्यात, ब्युरेट देत न्हाय. आन् मग मागच्या सीटवरच्या मानसाला त्याच्या म्हशीचं इचारत बसला."

युनूसभाईंनी खूप आठवून बघितलं. म्हशीवाल्याचं गावसुद्धा आठवलं, अंथुर्ण्याचा होता तो. लेकीचं वाक्य तेवढं कुठंच नव्हतं. ते रडले. मेहबूबबी आतून धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

शुक्रवारी त्यांनी खिशातला फॉर्म काढला. चष्मा लावून वीसही वाक्यं वाचली. 'विभागात सर्वांना काम करण्याची समान संधी मिळते.' त्यापुढं एक. 'माझे म्हणणे ऐकून घेतले जाते.' इथं ते अडले. त्यांचं म्हणणं ह्याच आठवड्यात मॅडमनी ऐकलं होतं, तर दोन तरी द्यायला हवेत. पण लेकीचं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि फॉर्मात तिच्यासाठी रकानाच नव्हता. मग त्यांनी दोन लिहिले आणि खाली मोकळ्या जागेत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'पोरींना ब्युरेट मी देत नव्हतो. सोमवारपासून पाळीपाळीनं देणार.'

इंद्रजित सरांनी तो वाचला. "युनूसभाई, नाव नसलं तरी विभागात अटेंडंट तुम्ही एकटे. हे कुणी लिहिलं ते शेंबडं पोरही सांगेल."

"सांगू द्या सर."

सरांचा चेहरा पडला होता. त्यांनी ते चौऱ्याहत्तर आणि पाच हे आकडे पुन्हा वाचले. "मी अकरा वर्षं दर महिन्याला त्या वहीवर सही करतोय," ते शेवटी म्हणाले, आणि स्वतःचा फॉर्म गठ्ठ्यातून शोधून काढायला लागले. पण शोधणार कसा? सगळेच सारखे! मग मॅडमनी त्यांना कोरा दिला. विद्यार्थ्यांनाही सगळ्यांना नवे फॉर्म द्यायचं ठरलं, फळ्यावरचा तो फॉर्म काढून.

हे सगळं झालं खरं, पण जास्मिन काही हो म्हणेना. दोन दिवसांत काय शिकणार, म्हणे. शुक्रवारी रात्री जेवताना युनूसभाईंनी पुन्हा विषय काढला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. जास्मिनच मग ताटात बघत म्हणाली, "उद्या लॅब उघडी असती का?"

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं होतं. मॅडमनी परवानगी दिली होती. युनूसभाईंनी तिला ब्युरेट दिली, पाणी मोजून घ्यायची पिपेट दिली, बोअरचं पाणी भरून ठेवलं. हार्डनेस काढायचा तोही ब्युरेटनंच: पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि लालसरचा निळा झाला की थांबायचं. तिनं ब्युरेट स्टँडला लावायला घेतली. ती जरा तिरकी झाली, तसा युनूसभाईंचा हात आपसूक पुढं गेला.

"अब्बा."

त्यांनी हात मागं घेतला. तिनं तोटीला बोट लावलं. ते परत पुढं झाले. "अगं, डाव्या हातानं धर, उजवा हात चंबूला..."

"अब्बा, तुमी भाईर थांबता का?"

"मी नुस्ता बघतो."

"न्हाय. भाईर थांबा. आन् सोमवारी बी मी एकलीच जानार हाय."

युनूसभाई बाहेर आले. आतून तिनं दार लोटून घेतलं. ते पायरीवर बसले. वॉचमन कुंडलिक कडुलिंबाखालून उठून आला आणि त्यांच्या शेजारी टेकला. "आत कोन हाय वो?"

"लेक हाय माजी. काम करतीय."

"काय करतीय?"

"ठावं न्हाय," युनूसभाई म्हणाले.

दार नीट लागलेलं नव्हतं. चांगली दोन बोटं फट होती. मान जरा वळवली असती तर टेबल सरळ दिसलं असतं. त्यांनी मान वळवली नाही. एक तास गेला. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मध्येच काहीच येत नव्हता, मग परत पाणी. आणि अचानक खळ्ळकन काच फुटली.

कुंडलिक ताडकन उठला. "आवं, फुटलं की काय तरी! बघा जाऊन!"

युनूसभाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"फुटू दे," ते म्हणाले.